अंगठ्याच्या जागी अक्षर, अक्षराच्या जोडीला कॉम्प्युटर

(हदगाव येथील शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर न बोलता मी पोरांच्या कॉम्प्युटर शिक्षणावर बोलणार आहे. काहींना वाटेल, हा विषय शाळेतल्या मास्तरांचा, मेळाव्यात त्याचे काय काम? पण हा विषय तुमच्या कापसाच्या पैशाचाच आहे. कसा ते सांगतो.

१८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. हे लोण मग गावोगाव पसरले. लोकांचा राग होता तो कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. हाती लागले ते कागद त्यांनी जाळून टाकले. कारण कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते, आणि खाली अंगठा मात्र त्यांचाच होता. पुढे महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. अक्षर न येणारा कुणबी कागद लिहिणाऱ्याच्या तावडीत कसा सापडतो, हे त्यांनी त्यात मांडले.

आता तो कागद कॉम्प्युटरात गेला आहे. २०१७ सालच्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइनच भरायचे होते. त्या रांगा तुम्ही विसरला नसाल. २०२१ सालच्या १५ ऑगस्टपासून पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची, असे ठरले. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करावी लागली, आणि त्यासाठी सात-बाऱ्यावर कापसाचा पेरा दिसावा लागला. म्हणजे खरिपात नोंद चुकली, तर कापूस घरात येऊनही केंद्राचे फाटक बंद. ही चूक करतो कोण? बहुतेक वेळा फॉर्म भरून देणारा दुसराच कोणीतरी असतो. आपण त्याच्या टेबलासमोर उभे राहतो, तो म्हणतो "ठेवा अंगठा", आणि आपण ठेवतो. आजोबांचा अंगठा शाईत बुडायचा, आपला काचेवर टेकतो. वर काय लिहिले आहे ते न वाचताच.

यावर कोणी म्हणेल, आमच्या पोराने एमएस-सीआयटी केली आहे. चांगले केले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले, २००२ पासून हा कोर्स सुरू झाला आणि लाखो पोरे-पोरी तो शिकून बाहेर पडली. सरकारी नोकरीच्या अर्जाला असे सर्टिफिकेट लागते, म्हणून खेड्यातल्या बापानेही पदरमोड करून फी भरली. पण नोकऱ्या थोड्या आणि सर्टिफिकेटे ढीगभर. नोकरी लागली नाही म्हणजे शिक्षण वाया गेले, असे आपण धरून बसतो. मी म्हणतो, ते शिकलेले घरच्या शेतीच्या कारभारात का येत नाही?

दुसरा म्हणेल, पोरगा दिवसभर मोबाइलवरच असतो, त्याला सगळे येते. बोटाने चित्र सरकवणे म्हणजे कॉम्प्युटर येणे नव्हे. रेडिओ ऐकणाऱ्याला आपण लिहिता-वाचता येते असे म्हणत नाही. माझ्या मते तीन गोष्टी आल्या तर पोराला कॉम्प्युटर आला असे समजावे.

पहिली, मराठीत टाइप करता येणे. भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट नावाची कळफलकाची मांडणी ठरलेली आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. रोज थोडा वेळ हात बसवला तर तलाठ्याला, बँकेला, विमा कंपनीला द्यायचा अर्ज पोरगी घरी बसून आपल्या भाषेत लिहील. अर्जाची प्रत आपल्याकडे राहील, तारखेसह.

दुसरी, हिशेबाचा तक्ता मांडता येणे. कॉम्प्युटरवर एक्सेलसारखी आडव्या-उभ्या घरांची वही असते. एका घरात बियाणे, दुसऱ्यात खत, मग फवारणी, निंदणी, वेचणी. बेरीज तो करतो. एक आकडा बदलला की खालची सगळी बेरीज आपोआप बदलते. समजा वेचणी किलोला १० रुपयांवरून १२ झाली. क्विंटलला २०० रुपये वाढले. एकरी ५ क्विंटल कापूस धरला तर एकरी हजार रुपये खर्च वाढला. आता विक्रीकडे या. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. सीसीआय ८ टक्के ओलावा धरते. त्यावर दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाही. तुमच्या कापसात १० टक्के ओलावा निघाला, तर क्विंटलला १६२ रुपये २० पैसे कापले जातील आणि हाती ७,९४७ रुपये ८० पैसे पडतील. सातवी-आठवीतल्या पोराला हे गणित येते. पुस्तकातल्या नळ आणि हौदाच्या गणितापेक्षा घरच्या कापसाचे गणित तक्त्यात घालायला सांगा, पोराला गोडी लागेल.

तिसरी, तपासता येणे. महाभूमीच्या संकेतस्थळावर आपला सात-बारा काढून गट नंबर, क्षेत्र, नावे, पेरा नजरेखालून घालणे. भरलेल्या अर्जाची पावती जपणे. आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही न सांगणे. तो सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणे.

शाळेकडेही आपले मागणे आहे. पालकसभेत विचारा: कॉम्प्युटर किती आहेत, चालू किती आहेत? पोराचा हात आठवड्यात किती तास कळफलकावर पडतो? की मास्तर दाखवतात आणि पोरे बाकावरून बघतात? विहिरीच्या काठावर बसून पोहणे येत नाही. लाइट गेली की तास बुडतो का, आणि बुडलेला तास परत होतो का? आणि पोरींना पोरांइतकाच वेळ मिळतो का? आपल्याकडे वेचणी आली की आधी पोरीचीच शाळा बुडते. मग कॉम्प्युटरवर तिची पाळी कधी यायची?

मी काही जादू सांगत नाही. कॉम्प्युटर शिकून पाऊस पडत नाही आणि भाव वाढत नाही. सर्व्हर बंद पडला तर शिकलेला पोरगाही ताटकळतो. त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण ज्वारीला, कापसाला खर्च किती आला हे घरच्या वहीतून दाखवता आले, तर भाव मागताना आपल्या बोलण्याला आकड्याचे बळ येते.

म्हणून येत्या खरिपाआधी एवढे करा. ज्या घरात शिकते पोर आहे, त्या घराचा सात-बारा त्या पोराने तपासावा. एका एकराचा खर्च त्याने तक्त्यात मांडावा. आणि शेजारच्या ज्या घरात शिकलेले कोणी नाही, त्या घराचा फॉर्म त्याने भरून द्यावा. अंगठा ठेवण्याआधी सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा. पुढच्या बैठकीला येताना ते तक्ते बरोबर आणा. आपण ते इथे सगळ्यांसमोर वाचू.