बंबाच्या वाटेतला ड्रोन



बंबाला वाट मिळणं म्हणजे काय, हे पहाडगंजात मी वेगळं सांगायला नको. मेन बझारला लागून असलेल्या गल्ल्यांत हातगाड्या, ई-रिक्षा, वर लोंबणाऱ्या तारा आणि दोन्ही अंगांना खेटून उभी हॉटेलं. शेजारच्या करोल बागेत 12 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे अर्पित पॅलेस हॉटेल पेटलं आणि 17 माणसं गेली. जीव वाचवायला वरून उड्या टाकणारेही त्यात होते. अशा वेळी अग्निशमन दलाचा जवान शिडीवर असतो, त्याचं लक्ष खिडकीतल्या माणसावर असतं. तेवढ्याशा जागेत कोणाचा तरी ड्रोन चित्रणासाठी घिरट्या घालू लागला, तर तो जवानावर आदळू शकतो, तारेत अडकून खालच्या गर्दीत पडू शकतो.

भीती काल्पनिक नाही. 9 जानेवारी 2025 ला लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला ड्रोनने भोक पाडलं. विमान सुखरूप उतरलं, पण ऐन वणव्यात दुरुस्तीसाठी जमिनीवर राहिलं. ड्रोन उडवणाऱ्याने तो अडीच किलोमीटरपेक्षा लांब नेला होता. त्याला स्वतःचा ड्रोन दिसतही नव्हता!

माझा सगळा मुद्दा या अंतरात आहे. दिल्ली अग्निशमन सेवा कायदा 2007 चा आहे. आगीच्या जागी अडथळा आणणाऱ्या माणसाला हटवण्याचा अधिकार अग्निशमन अधिकाऱ्याला असतो. पण तो माणूस तिथे हवा ना! ड्रोनवाला चार गल्ल्या पलीकडच्या गच्चीवर उभा असतो. कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये आपल्या कायद्यात नेमकी ही फट बुजवली: ड्रोन घटनास्थळी असेल, तर तो चालवणारा कुठेही असो, तो घटनास्थळीच आहे असं धरायचं.

आपल्याकडे बंदी नाही असं नाही. 2018 च्या नियमांत विजय चौकापासून 5 किलोमीटरच्या आत ड्रोनला मनाई होती आणि पहाडगंज त्या परिघात सहज येतं. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट जवळ आले की पोलीस आयुक्तांचा मनाई हुकूम निघतोच. पण हे सारं राजधानीच्या सुरक्षेसाठी आहे. शिडीवरच्या जवानाचा विचार त्यात कुठे आहे? 2021 च्या ड्रोन नियमांनुसार राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या भागावर एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतात. तरतूद चांगली आहे. मात्र त्यासाठी किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि डिजिटल स्काय या संकेतस्थळावर नोंद करावी लागते. तोवर वरचा मजला जळून जाईल. सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणण्याचं कलम, भारतीय न्याय संहितेचं 221, जास्तीत जास्त तीन महिन्यांची शिक्षा सांगतं. त्यात ड्रोनचा उल्लेख नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. त्यात आगीच्या जागी हजर असलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याला, बिनतारी संदेशावरून, तिथल्या तिथे आकाश बंद करण्याचा अधिकार मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनलाही हा अधिकार लागू हवा, कारण असा ड्रोन उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही आणि हौशी माणसाच्या हाती आधी तोच येतो.

मात्र या अधिकाराला कुंपणही हवं. फेब्रुवारी 2024 मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर पोलिसांच्या ड्रोनमधून शेतकऱ्यांवर अश्रुधूर सोडला गेला, शेतकऱ्यांनी त्या ड्रोनविरुद्ध पतंग उडवले. अशा ठिकाणी काय घडलं हे लोकांना दिसलंच पाहिजे. म्हणून हे कलम आग, पूर, इमारत कोसळणं अशा बचावकार्यापुरतंच असावं, बचाव संपताच आकाश आपोआप खुलं व्हावं, आणि लाठीमार कोणी टिपू नये म्हणून पोलिसांना ते कधीही वापरता येऊ नये.