सहार विमानतळापलीकडची तब्येत

आखातात कामाला जाणाऱ्या माणसाची निघण्यापूर्वी कसून तपासणी होते. छातीचा एक्स-रे निघतो, रक्त घेतात, एचआयव्हीच्या आणि काविळीच्या चाचण्या होतात, आणि शेवटी कागदावर ‘फिट’ असा शेरा पडतो. ही तपासणी आहे ती त्याला ठेवून घेणाऱ्या देशाच्या सोयीची. इकडचा आजार तिकडे जाऊ नये एवढ्यासाठी. तिकडच्या कामाने या माणसाला काय होऊ शकतं, ते त्या कागदावर नसतं. सरकारचं एक दिवसाचं प्रस्थानपूर्व प्रशिक्षण आहे, आणि ते चांगलंच आहे. पण एजंटाचे पैसे, व्हिसा, घरचा निरोप या सगळ्या धांदलीत बसून ऐकलेलं दोहाच्या साइटवर किती आठवणार? तिथे त्याच्या सोबत राहतो तो खिशातला फोन.

फोनवरून आरोग्याचं शिक्षण देता येतं, हे आपल्या मुंबईनेच दाखवलंय. डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 मध्ये ‘अरमान’ ही संस्था सुरू केली. तिचा ‘एम-मित्र’ हा उपक्रम 2014 पासून चालू आहे. गरोदर बाईचं नाव नोंदवलं की तिच्या फोनवर तिच्या भाषेत, तिने सांगितलेल्या वेळेला, रेकॉर्ड केलेला आवाज येतो. अक्षरओळख नसली तरी अडत नाही. फोन हुकला तर पुन्हा येतो. मला यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते वेळापत्रक. गरोदरपणात आठवड्यातून दोनदा, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज, आणि मग हळूहळू विरळ. जिथे धोका जास्त, तिथे निरोप दाट. तरीही काही जणी मध्येच फोन उचलणं सोडतात. अशा कोण असतील याचा अंदाज आता संगणकाकडून घेतात आणि त्यांना आरोग्यसेविका स्वतः फोन करतात. म्हणजे यंत्राचा आवाज कुठे थांबतो हेही त्यांनी ओळखलंय.

आता हे वेळापत्रक परदेशी जाणाऱ्या कामगाराला लावून पाहा. त्याच्याही कामाला महिने आणि आठवडे आहेत, आणि त्यातला पहिला आठवडा सर्वांत वाईट. उघड्यावर काम करताना उष्माघाताने होणारे निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांत होतात, असं अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याचं निरीक्षण आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या वीस टक्केच काम द्यावं, मग रोज वीस टक्क्यांनी वाढवावं, अशी अमेरिकेतल्या तज्ज्ञांची शिफारस आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. तहान लागायची वाट पाहायची नाही. लघवी गडद झाली की समजायचं, पाणी कमी पडतंय. शेजारचा असंबद्ध बोलायला लागला तर त्याला सावलीत ओढायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि मदत मागवायची. तो शुद्धीवर नसताना तोंडात पाणी घालायचं नाही. हे चार-पाच निरोप पहिल्या पंधरवड्यात रोज गेले पाहिजेत. हात धुण्याचे आणि साखरेचे सावकाश जातील.

आणि एक निरोप विमानात बसायच्या आधीचा. खोकल्याची आणि दुखण्यावरची काही औषधं, म्हणजे कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली, यूएईत परवानगीशिवाय नेता येत नाहीत. खसखशीवरही तिथे बंदी आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेले खसखस लावलेले अनारसे त्या विमानतळावर गुन्हा ठरू शकतात, हे घाटकोपरच्या चाळीत कोण कोणाला सांगणार?

मग हे निरोप न्यायचे कोणत्या वाटेने? यूएईत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही, कॉल बंद असतात. लिहिलेला आणि बोलून पाठवलेला निरोप मात्र पोचतो. त्यामुळे भांडुपची बायको रात्री ‘व्हॉइस’ पाठवते आणि नवरा खोलीवर आल्यावर ऐकतो. माझ्या मते सर्वांत भरवशाची वाट हीच. डॉक्टरांचा आवाज तो एकदा ऐकेल, बायकोचा तीनदा. तेव्हा कामगाराबरोबर त्याच्या घरच्यांनाही शिकवायला हवं.

ग्रुपवर माझा भरवसा कमी. गावच्या मुंबईकर मंडळाचा ग्रुप घ्या: सकाळी फुलं, दुपारी मुतखड्याचा रामबाण उपाय, संध्याकाळी श्रद्धांजली. 2018 मध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे ढकलता येईल अशी मर्यादा आली, पण पाचाचे पंचवीस व्हायला किती वेळ लागतो! शिवाय ज्या ग्रुपात सासरा आणि सरपंच दोघेही आहेत, तिथे लघवीला जळजळ होते असं कोण लिहील? झोप येत नाही, जीव नकोसा झालाय, हे तर दूरच. प्रत्येक निरोपाखाली उत्तर द्यायला एक नंबर हवा आणि तो नंबर उचलणारा माणूस हवा. दुबईत आपल्या वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्याचा मोफत नंबर 80046342. तो निदान फोनमध्ये साठवलेला असावा.

इथल्या डॉक्टरांनाही एक सांगायचंय. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला मान्य केला, पण भारताबाहेरच्या रुग्णाचा सल्ला त्यांच्या कक्षेत येत नाही. दोहातल्या पेशंटला मुलुंडहून गोळी लिहून देऊ नका. काय झालं की दवाखाना गाठायचा, तिथे काय सांगायचं, हे जरूर समजावा.

हे निरोप पाठवायचे कोणी? परवानाधारक एजंटाने सुरुवात करावी. त्याच्याकडे नंबर असतो, कामाचा प्रकार असतो, जाण्याची तारीख असते. तिकीट तो फोनवरच पाठवतो. त्या तिकिटामागून उन्हाचा पहिला निरोप जायला हवा. कारण कतारमध्ये उघड्यावरचं दुपारचं काम 1 जूनपासून बंद होतं, यूएईत 15 जूनपासून. जो मे महिन्याच्या सुरुवातीला उतरेल त्याला ना ती सुट्टी, ना उन्हाची सवय. त्याचे पहिले पंधरा दिवस त्या तारखेच्या आत संपतात.