बिलावर सही करण्याआधी

(जिल्ह्यातील स्त्री-संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गाडीदुरुस्तीचा खर्च’ हा विषय वाचून सकाळपासून तिघीचौघींनी मला विचारलं, की हे चुकून छापलं गेलं का? पोटगी, मारहाण, मालमत्तेतला हक्क यांच्या रांगेत हे गॅरेज कुठून आलं? चुकून नाही आलं. मी हा विषय मागून घेतला आहे. का, ते सांगते.

आमच्या समुपदेशन केंद्रात एक जण यायची. नवऱ्यापासून वेगळी झालेली, दोन मुलं पदरात. बचत गटाचं कर्ज काढून आणि भावाकडून उसने घेऊन तिनं जुनी व्हॅन घेतली, रीतसर परवाना काढला आणि शाळेची मुलं ने-आण करायला लागली. एके दिवशी आली ती केसचं विचारायला नव्हे. पिशवीतून एक कागद काढला. सर्व्हिस सेंटरचं बिल, १८,६०० रुपयांचं. म्हणाली, “ताई, सगळं इंग्रजीत आहे. एवढं कसलं झालं ते वाचून सांगाल?” गाडी सोडवून आणायला तिनं कानातलं गहाण ठेवलं होतं.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, कायद्याची कलमं तोंडपाठ. पण ते बिल मलाही कळेना. आणि मला आणखी एक गोष्ट आठवली. महिनाभर आधी मी स्वतः संस्थेच्या गाडीचं बिल असंच न वाचता भरून आले होते. काउंटरवरचा तरुण म्हणाला होता, “मॅडम, साहेबांशी बोलू का फोनवर? जरा टेक्निकल आहे.” मी चिडले. “मीच बघते,” म्हणाले आणि न बघता सही केली. आपल्याला कळत नाही हे त्याला दिसू नये, एवढ्यासाठी. ते पैसे संस्थेचे होते. बायकांना कोर्टात, दवाखान्यात न्यायच्या खेपांचे होते.

मग आम्ही दोघी ते बिल घेऊन ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून एकेका ओळीवर खूण केली. ऑइल, ऑइल फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड, हे हवंच होतं. काही वस्तू आणखी वर्षभर चालल्या असत्या. आणि राहिलेल्या ओळींना ते म्हणाले, “हा साजशृंगार.” इंजिन ड्रेसिंग म्हणजे वरून पुसून चकाकी आणणं. एसीचं निर्जंतुकीकरण, गाडीखालचं कोटिंग, इंजिन आतून साफ करायचं औषध. कंपनीच्या पुस्तिकेत यातलं काहीही त्या किलोमीटरला करायला सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या हिशेबानं गरजेचं काम अकरा हजारांच्या आसपास होतं.

आता ही फसवणूक बाईचीच होते असं मी म्हणत नाही. पुरुषही फसतात. पण “साहेबांशी बोलू का” हे पुरुषाला कोणी विचारत नाही. गाडी चालवायला आपण शिकलो, हप्ते आपण भरतो, पण बॉनेटखालचं ज्ञान अजून ‘त्यांचं’ समजलं जातं. जिचं पोट त्या गाडीवर आहे, तिला हे अज्ञान फार महाग पडतं.

आणि समोरचा माणूस दुष्ट असतो असंही नाही. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला फार सुटत नाही. त्याची कमाई सर्व्हिसिंग, सुटे भाग, विमा आणि अॅक्सेसरीज यांतून होते. काउंटरवरच्या मुलाला महिन्याचं टार्गेट दिलेलं असतं. गाडीखाली झोपून हात काळे करणारा कामगार तर त्या बिलातला फारच थोडा वाटा घरी नेतो. भांडण कोणाशी आहे, हे आपण ओळखून असावं.

ही मक्तेदारी कागदोपत्रीही नोंदली गेली आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती फक्त अधिकृत डीलरकडेच ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. पण आयोगानं त्या आदेशात जे म्हटलं ते आपण लक्षात ठेवू या. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सगळी वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी.

मग करायचं काय? मैत्रिणींनो, आपण शिंप्याकडून उरलेलं कापड मागून घेतो. सोनाराला घट किती धरली ते विचारतो. गिरणीतून आलेलं पीठ हातात घेऊन जोखतो. हे सगळं आपल्याला येतंच. तेच गॅरेजात करायचं आहे.

पहिली गोष्ट, गाडीसोबत आलेली पुस्तिका वाचा. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. कोणी जास्तीचं काम सुचवलं, की पुस्तिकेतलं पान दाखवायला सांगा.

दुसरी, गाडी देताना रोग सांगू नका, लक्षण सांगा. डॉक्टरकडे सांगतो तसं. “ब्रेक बदला” म्हणायचं नाही. “ब्रेक दाबला की पुढून उजवीकडे करकरतं” असं म्हणायचं आणि तेच शब्द जॉबकार्डवर लिहून घ्यायचे. सोबत किलोमीटरचा आकडा आणि खर्चाचा लेखी अंदाज. खाली आपल्या हातानं एक ओळ लिहायची: “यापेक्षा जास्त काम मला विचारल्याशिवाय करू नये.”

तिसरी, बदललेला जुना भाग परत मागा, आणि तो गाडी देतानाच मागा. नंतर मागितला की “भंगारात गेला” असं उत्तर मिळतं. बॅटरी बदलली तर जुनीचे पैसे वजा झाले का ते बघा. नवा टायर घेताना त्याच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर.

चौथी, बिलात सुटे भाग, मजुरी आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. ‘फ्री सर्व्हिस’ म्हणजे साधारणपणे मजुरी फुकट. ऑइल आणि फिल्टरचे पैसे पडतातच. वॉरंटी असेपर्यंत पुस्तिकेप्रमाणे सर्व्हिसिंग करून त्याच्या नोंदी आणि पावत्या जपा. वॉरंटी संपली की दोनतीन गॅरेजमध्ये दर विचारा.

नवी गाडी घेताना विमा डीलरकडूनच घ्यावा अशी सक्ती नसते. थर्ड पार्टी विम्याचा दर सरकारनं ठरवलेला असतो, तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. म्हणून दोनतीन कंपन्यांचे आकडे मागवा. आणि बंपरला ओरखडा पडला म्हणून लगेच क्लेम करू नका. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी त्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग पाच वर्षं केला नाही तर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका छोट्या क्लेमपायी ही सूट जाते. आधी हिशेब करा.

एक मात्र बजावून सांगते. काटकसर ब्रेक आणि टायरमध्ये करायची नाही. टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, की टायर बदलायचाच. त्या व्हॅनमध्ये कोणाची तरी लेकरं बसलेली असतात.

आणि एवढं करूनही फसवलं गेलं तर? आधी लेखी तक्रार, पोच घेऊन. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानंही झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. “तुम्ही गाडीवर धंदा करता, तुम्ही ग्राहक नाही,” असं कोणी म्हणालं तर सांगा, स्वयंरोजगारानं स्वतःचं पोट भरायला घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू या कायद्यात व्यापारी हेतूची धरत नाहीत.

त्या बाईचं पुढं काय झालं? आम्ही पत्र लिहिलं. न विचारता केलेल्या कामांबद्दल पंधरा दिवसांनी २,४०० रुपये परत मिळाले. फार नाहीत. कानातलं सुटायला आठ महिने लागले.

पण पुढच्या सर्व्हिसिंगला ती जुने भाग मागून तिथंच बसली. त्यांनी क्लच प्लेट आणून दाखवली. खरंच झिजलेली होती. तिनं हातात घेऊन पाहिली आणि पैसे मोजून दिले. मला म्हणाली, “ताई, या वेळी पैसे जास्तच गेले, पण जीव जळला नाही. कशाचे दिले ते कळलं.”

आपल्या गटांनी एवढं करावं. गॅरेजात एकटीनं जाऊ नये, दोघींनी जावं. गटात एक वही ठेवावी, त्यात कोणत्या गॅरेजनं कोणत्या कामाला किती घेतले ते लिहावं. आणि महिन्यातून एकदा मिस्त्रींना बोलवून गाडी उघडून बघावी.

सुरुवात आजच करू. बाहेर संस्थेची गाडी सपाट जागी उभी आहे, इंजिन गार झालं आहे. चहा झाला की सगळ्याजणी या. ऑइलची काडी काढून पुसायची कशी, परत घालून खूण वाचायची कशी, तिथून सुरू करू. हात काळे होतील, जुनी फडकी आणली आहेत.