एका प्रतीवरील ऋणनिर्देश

१९२२ च्या डिसेंबरात टी. एस. एलियट यांचे ‘द वेस्ट लँड’ हे काव्य न्यूयॉर्कमध्ये ग्रंथरूपाने निघाले. पुढच्याच महिन्यात त्याची एक प्रत त्यांनी कविमित्र एझरा पाउंड यांना दिली. मित्राला पुस्तक देण्यात नवल ते काय? परंतु प्रतीवर एलियट यांनी डान्टेच्या महाकाव्यातले शब्द लिहिले होते. तेथे एका कवीला अधिक सरस कारागीर म्हणून गौरविले आहे. तोच मान त्यांनी पाउंड यांना दिला.

हा नुसता शिष्टाचार नव्हता. त्या वर्षारंभी पॅरिसमध्ये पाउंड यांनी हस्तलिखितातली पानेच्या पाने छाटून काव्य जवळजवळ निम्म्यावर आणले होते. इतकी निर्दय कात्री किती कवी सोसतील? एलियट यांनी ती सोसली, आणि १९२५ च्या संग्रहात ते ऋण छापून जाहीरही केले.

पुढे युद्धकाळात पाउंड रोमच्या नभोवाणीवरून फॅसिस्टांची तरफदारी करीत राहिले. त्या भाषणांचे समर्थन होणे नाही. देशद्रोहाचा आरोप आला. १९५८ पर्यंत त्यांना वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात दिवस कंठावे लागले. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत एलियट होते. १९६५ मध्ये एलियट निवर्तले, तेव्हा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधील स्मरणप्रार्थनेला ७९ वर्षांचे पाउंड इटलीहून आले.