कानासाठीं लिहिलेली बातमी

परळी वैजनाथच्या रेल्वेस्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेल्या उतारूंकडे घटकाभर लक्ष दिलें, तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. ध्वनिक्षेपकावरून घोषणा सुरू होतांच जो तो बोलणें थांबवून कान देतो. प्रथम गाडीची ओळख येते: कोठून निघालेली, कोठें जाणारी. ज्यांची ती गाडी नसते ते पुन्हां आपल्या गप्पांना लागतात. ज्यांची असते ते बोचकें सांवरून उभे राहतात, आणि मग फलाटाचा क्रमांक सांगितला जातो. हाच क्रम उलटा करून क्रमांक आधीं व गाडीचें नांव मागाहून सांगितलें, तर निम्मे उतारू क्रमांक हरवून बसतील आणि शेजाऱ्याला विचारीत सुटतील.

खेडोपाडीं पूर्वीं जी दवंडी पिटली जाई तिचीहि घडण अशीच होती. आधीं वाद्याचा ठोका पडे. त्यानें माणसें दारांत येत. मग ‘ऐका हो ऐका’ अशी हांक. त्यानंतर हें कोणाच्या हुकमानें सांगितलें जात आहे तें, आणि शेवटीं थोडक्यांत मुद्द्याची गोष्ट. दवंडी देणारा शाळा शिकलेला असेच असें नाहीं; परंतु कान कसा ऐकतो हें त्याला पुरतेपणीं ठाऊक होतें. नभोवाणीसाठीं अथवा दूरदर्शनसाठीं बातमी लिहावयास शिकणाऱ्या तरुणानें आपला पहिला गुरु येथेंच शोधावा.

हें सांगावें लागतें याचें कारण मराठी बातमीचा इतिहास होय. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजीं निघालें, आणि मुंबईचें नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजीं सुरू झालें. मधल्या पंचाण्णव वर्षांत मराठी बातमी डोळ्यांसाठीं लिहिली गेली. गांवच्या पारावर वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून दाखविलें जाई हें खरें. परंतु तेथें ऐकणाऱ्याला ‘थांब, तें पुन्हां वाच’ असें म्हणण्याची सोय होती. यंत्रांतून येणाऱ्या आवाजाला तसें म्हणतां येत नाहीं. वाक्य एकदां उच्चारलें गेलें कीं तें गेलें. या एका गोष्टींतून या विद्येचे बाकीचे सर्व नियम निघतात.

परळीच्या माणसांना या गोष्टीचें महत्त्व फार पूर्वीं कळून चुकलें असलें पाहिजे. हा मुलूख त्या वेळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. 13 सप्टेंबर 1948 रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें, आणि 17 सप्टेंबरला निजामानें युद्ध थांबविल्याची घोषणा केली ती नभोवाणीवरून. त्या काळीं यंत्र असे एखाद्याच घरीं; माणसें जमत त्या घराच्या दारांत. एकानें ऐकावें आणि दहांना सांगावें, अशी रीत. ऐकणाऱ्याच्या कानांतून एक शब्द निसटला, तर दहा घरीं चुकीची वार्ता जाई. यावरून असें दिसतें कीं, बातमीचें वाक्य दुसऱ्याच्या तोंडीं गेल्यावरहि न बिघडणारें असावें. पुढें 1968 मध्यें परभणीला आकाशवाणीचें केंद्र झालें, 2 ऑक्टोबर 1972 रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें, आणि यंत्रें घरोघर पोंचलीं. परंतु कान तोच राहिला.

आतां प्रत्यक्ष लिहिण्याकडे वळावें. फेब्रुवारी 2013 मध्यें परळीचें औष्णिक विद्युत केंद्र पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें. नवशिका वृत्तलेखक ही बातमी बहुधा अशी लिहील: ‘खडका बंधाऱ्यांतील पाणीसाठा संपुष्टांत आल्यामुळें व अन्य मार्गानें पाणी उपलब्ध होण्याची शक्यता नसल्यामुळें परळी येथील 1,130 मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक विद्युत केंद्रांतील सर्व संच बंद ठेवण्यांत आले आहेत.’ व्याकरणदृष्ट्या या वाक्यांत दोष नाहीं. परंतु नक्की काय झालें हें कळण्यासाठीं श्रोत्याला वाक्याच्या टोंकापर्यंत श्वास रोखून बसावें लागतें. कानासाठीं तीच बातमी अशी होईल: ‘परळीचें औष्णिक विद्युत केंद्र बंद झालें आहे. केंद्राला पाणी मिळेनासें झालें आहे. हें पाणी खडका बंधाऱ्यांतून येतें. तेथील सांठा संपला आहे. केंद्र पुन्हां केव्हां सुरू होईल, हें अद्याप सांगण्यांत आलेलें नाहीं.’ क्षमतेचा आंकडा येथें गाळला आहे. त्यासाठीं पुढें वेगळें वाक्य करतां येईल. शेवटचें वाक्य मात्र आवश्यक आहे. केंद्रावर रोजंदारी करणारा, फाटकापाशीं चहाचें दुकान मांडणारा, तेथील राखेच्या विटा पाडणारा, या साऱ्यांच्या मनांत पहिला प्रश्न तोच असतो. उत्तर हातीं नसेल तर नाहीं म्हणून सांगावें. गप्प बसल्यानें अफवेला वाट मिळते.

मराठी भाषेचा स्वभावहि येथें लक्षांत घेतला पाहिजे. मराठींत क्रियापद शेवटीं येतें, आणि नकार त्याच्याहि मागून येतो. ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामामुळें शहराच्या पूर्व भागांतील पाणीपुरवठा उद्यां सकाळीं होणार नाहीं’ या वाक्यांतला ‘नाहीं’ हा शब्द सर्वांत मोलाचा. तोच सर्वांच्या मागें उभा आहे. ऐन त्या क्षणीं स्वयंपाकघरांत एखादें भांडें पडलें, तर त्या घरची बाई उद्यां पाणी येणार अशा समजुतीनें निर्धास्त झोपेल. म्हणून लिहावें: ‘उद्यां सकाळीं नळाला पाणी येणार नाहीं.’ कोणत्या भागांत व कां, हें त्यानंतर सांगावें, आणि अखेरीस पहिलें वाक्य पुन्हां एकदां म्हणावें. छापील मजकुरांत पुनरुक्ति हा दोष होय. नभोवाणींत ती श्रोत्याची सोय आहे.

बोलणाऱ्याचें नांव शेवटीं टांगण्याची वर्तमानपत्री रीत याहून घातक आहे. ‘शेतकऱ्यांचीं सर्व कर्जें माफ होतील, असें प्रतिपादन अमुक पुढाऱ्यांनीं केलें’ ही बातमी ऐकणारा शेतकरी पहिल्या चार शब्दांतच उठून उभा राहतो. पुढचें शेपूट त्याच्या कानांत शिरतच नाहीं. सभेंतलें एक आश्वासन त्याच्या मनांत सरकारी निर्णय होऊन बसतें, आणि तो त्या भरंवशावर कर्जाचा हप्ता थकवितो. बातमी खोटी नव्हती. मांडणीनें ती खोटी केली. दवंडीवाला हुकूम कोणाचा तें आधीं सांगत असे. तोच क्रम येथें ठेवावा: आधीं कोण म्हणालें, मग काय म्हणालें.

आदरार्थी बहुवचन ही मराठीची शोभा खरी, परंतु बातमींत तें घोटाळ्याचें मूळ होतें. ‘जिल्हाधिकाऱ्यांनीं आमदारांची भेट घेतली, तेव्हां त्यांनीं नाराजी व्यक्त केली.’ यांत नाराज कोण झालें? वाचणारा मागें जाऊन विचार करील. ऐकणाऱ्याला तेवढी उसंत नाहीं. अशा ठिकाणीं सर्वनाम सोडून द्यावें आणि हुद्दा किंवा नांव पुन्हां उच्चारावें.

आंकड्यांच्या बाबतींत तर फारच जपलें पाहिजे. एकोणपन्नास, एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे शब्द कागदावर निराळे दिसतात. खरखरत्या यंत्रांतून ते एकमेकांत मिसळतात. एका वाक्यांत एकच आंकडा असावा. जेथें सूक्ष्मतेची गरज नाहीं तेथें ‘सुमारें’ म्हणून गोळाबेरीज सांगावी. परंतु परीक्षेची वेळ, गाडीची वेळ, मृतांची संख्या यांत ‘सुमारें’ला जागा नाहीं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला व हजारों माणसें दगावलीं. अशा प्रसंगीं मृतांचा आंकडा प्रत्येक बातमीपत्रागणिक बदलत जातो. तेथें ‘आतांपर्यंत हातीं आलेल्या माहितीप्रमाणें’ हे चार शब्द लिहिणें म्हणजे शब्दांचा फापटपसारा नव्हे. सकाळीं ऐकलेला आंकडा सायंकाळीं वाढलेला ऐकून श्रोत्याचा विश्वास उडूं नये, याची ती तरतूद आहे.

बातमी लिहून झाली कीं ती मोठ्यानें वाचावी. जेथें श्वास तुटतो तेथें वाक्य तोडावें. जेथें जीभ अडखळते तेथें शब्द बदलावा. आपलें लिखाण दुसऱ्याच्या तोंडून वदविलें जाणार आहे हें वृत्तलेखकानें कधींहि विसरूं नये. मुंबई दूरदर्शनवर स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांनीं बातम्या वाचल्या. त्यांचे चेहरे व आवाज घरोघरीं ओळखीचे झाले. त्यांच्या हातांतला कागद लिहिणाऱ्याचें नांव मात्र कोणास ठाऊक नसे. या धंद्यांत नांव मिळत नाहीं, जबाबदारी तेवढी मिळते.

दूरदर्शनच्या बातमींत आणखी एक पथ्य आहे. महाशिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनाची रांग पडद्यावर दिसत असतांना ‘भाविकांनीं रांग लावली आहे’ असें सांगणें व्यर्थ होय. तें सर्वांना दिसतेंच आहे. रांग केव्हांपासून लागली, दर्शनाला किती वेळ लागतो आहे, वृद्धांसाठीं निराळी वाट आहे कीं नाहीं, हें चित्र सांगूं शकत नाहीं. तें शब्दांनीं सांगावें. आणि चित्र एक दाखवीत असतां शब्दांनीं दुसरेंच बोलूं नये. कारण अशा वेळीं माणूस पाहतो, ऐकत नाहीं.

हे सर्व नियम एका सकाळीं किती जड होऊं शकतात, हें परळीनें अनुभवलें आहे. 3 जून 2014 रोजीं दिल्लींत मोटारीच्या अपघातांत गोपीनाथ मुंडे यांचें निधन झालें. परळी तालुक्यांतल्या नाथ्रा गांवीं जन्मलेल्या या नेत्यानें केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेतल्यास जेमतेम आठ दिवस लोटले होते. दुसऱ्या दिवशीं परळींत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हां प्रचंड जनसमुदाय लोटला होता. अशा सकाळीं वृत्तलेखकाच्या टेबलावर प्रथम अपघाताची खबर येते, मग इस्पितळाची, आणि मग ती जी कोणालाच ऐकावयाची नसते. ‘जखमी’, ‘गंभीर जखमी’ आणि ‘निधन’ या तीन शब्दांत क्षणांचें अंतर असेल. परंतु एकाच्या जागीं दुसरा घालण्याचा अधिकार त्याला नाहीं. ‘निधन झाल्याचें समजतें’ असें लिहून सुटतां येत नाहीं. कोणाला समजतें? कोणी सांगितलें? डॉक्टरांनीं अथवा जबाबदार माणसानें सांगितलें असेल तर त्याचें नांव घेऊन सरळ लिहावें. नसेल तर थांबावें. आजच्या काळीं खिशांतल्या यंत्रावर शंभर वार्ता आधींच येऊन थडकलेल्या असतात. त्यांतली खरी कोणती हें पाहण्यासाठीं माणूस बातमीपत्र लावतो. तेथेंहि अंदाजच ऐकूं आला, तर त्यानें जावें कोठें?

वृत्तविद्येचें शिक्षण आतां दुर्मिळ राहिलेलें नाहीं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत त्याचा विभाग आहे. त्याच शहरांत आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग मराठवाड्याच्या बातम्या देतो, आणि त्या नेमानें ऐकणें हेंहि एक शिक्षणच आहे. तेथें तंत्र शिकतां येईल. दवंडीवाल्याजवळ मात्र तंत्राखेरीज आणखी एक गोष्ट होती. तो ज्या गांवांत दवंडी पिटी, त्याच गांवांत राहत असे. त्यानें बाजाराचा वार चुकीचा सांगितला, तर दुसऱ्या दिवशीं त्याच दारांवरून त्याला जावें लागे, आणि लोक त्याला अडवून विचारीत. दूरच्या शहरांत बंद खोलींत बसून लिहिणाऱ्याला असें कोणी अडवीत नाहीं. म्हणून त्यानें प्रत्येक वाक्य लिहितांना असें धरून चालावें कीं, उद्यां सकाळीं आपल्याला त्याच दारांवरून जावयाचें आहे.