वरच्या सभागृहात कारंजा



हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन भरलं की आपल्या कारंजा (घाडगे) स्टँडवर चहा घेता घेता कुणीतरी विचारतोच, "आमदार तर आपण विधानसभेत धाडला, मग त्या दुसऱ्या सभागृहात हे लोक बसवले कोणी?"

थोडेफार आपणच बसवले. विधान परिषदेत जागा 78. त्यातल्या 30 विधानसभेचे आमदार निवडतात, म्हणजे आर्वी मतदारसंघातून गेलेला आपला आमदार तिथं मत टाकतो. 12 जणांना राज्यपाल नेमतात. कवी ना. धों. महानोर त्याच वाटेनं गेले आणि सभागृहात शेती-पाण्यावर बोलले. संत्र्याच्या मुलखाला अशी माणसं जवळची वाटणारच.

पदवीधरांच्या 7 आणि शिक्षकांच्या 7 जागांपैकी एकेक नागपूर विभागाची. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून निर्धास्त राहिलेला बी.ए. केंद्रावरून हात हलवत परततो. शिक्षकांचा नियम मात्र मला खटकतो. हायस्कूलचे सर मतदार, अन् पहिलीच्या पोरांकडून मुळाक्षरं गिरवून घेणारे गुरुजी नाहीत!

उरल्या 22 जागा स्थानिक संस्थांच्या. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या तीन जिल्ह्यांना मिळून एक. इथं मत नगरसेवकांचं, जिल्हा परिषद सदस्यांचं आणि पंचायत समिती सभापतींचं. आपल्या नगरपंचायतीचे 17 नगरसेवक त्यात आले. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य नाही आले.

या जागेची निवडणूक 2018 साली झाली. सहा वर्षांची मुदत 2024 मध्ये संपली, तोवर जिल्हा परिषदा आणि बऱ्याच नगरपालिका प्रशासकांच्या हाती गेल्या होत्या. निवडणूक आयोगाचा दंडक असा, की किमान 75 टक्के संस्था चालू हव्यात आणि 75 टक्के मतदार हवेत. कारंज्याला नगरसेवक होते, पण तेवढ्यानं भागेना. निवडणूक थांबली, जागा रिकामी झाली.

विधान परिषद विधानसभेसारखी विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य तेवढे निवृत्त होतात. सभागृह अखंड चालू, अन् त्यातली आपल्या तीन जिल्ह्यांची एकुलती खुर्ची 2024 मध्ये रिकामी झाली. स्टँडवरच्या त्या प्रश्नाला मग काय उत्तर द्यायचं, सांगा.