डुकराचे इन्सुलिन आणि डुकराचे हृदय

श्रोतेहो, ज्यांच्या घरी मधुमेहाचा जुना रोगी आहे त्यांना इन्सुलिनची बाटली नवी नाही. परंतु हे औषध कित्येक वर्षे डुकरांच्या आणि गाईबैलांच्या पोटातून काढीत असत, हे थोड्यांनाच ठाऊक असते. आज त्या डुकराविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. डुकराचे नाव काढले की आपण नाक मुरडतो, खेड्यात तर त्याला धोंडा मारून हाकलतात. वेरूळच्या १४ क्रमांकाच्या लेण्यात वराहाने पृथ्वीला उचलून धरले आहे, तिथे मात्र आपण हात जोडतो. असो.

१९२१-२२ साली कॅनडात टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढले. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचले. त्याआधी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून काही दिवस तगवायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. पुढे साठ वर्षे कत्तलखान्यांतून स्वादुपिंडे गोळा करून हे औषध होत राहिले. आठ औंस शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून अधिक ग्रंथी लागत!

डुकराचे इन्सुलिन माणसाला चालते कसे? इन्सुलिन म्हणजे ५१ मण्यांची दोनपदरी माळ समजा. माणसाच्या आणि डुकराच्या माळेत फरक फक्त एका मण्याचा आहे, गाईच्या माळेत तीन मण्यांचा. एवढ्या फरकानेही काहींच्या अंगावर पुरळ उठे. शिवाय एकाला डुक्कर चालत नाही, दुसऱ्याला गाय चालत नाही, आणि रोग तर दोघांनाही सारखाच.

ही अडचण जनुकशास्त्राने सोडविली. इन्सुलिनची माळ कशी ओवायची याची कृती प्रत्येक पेशीत लिहिलेली असते. तिला जनुक म्हणतात. १९७८ साली अमेरिकेत माणसाची ही कृती जंतूंच्या पेशीत घातली गेली आणि जंतू मानवी इन्सुलिन तयार करू लागले. १९८२ साली ते औषध म्हणून मान्य झाले. २००३ साली वोक्हार्ट कंपनीने एका जातीच्या यीस्टकडून असेच इन्सुलिन करवून भारतात बाजारात आणले, आणि त्या कामाचा कारखाना आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला उभा राहिला. शिक्षकबंधूंनी हे वर्गात जरूर सांगावे. आपल्या मुलांना जनुक म्हटले की परदेशच आठवतो.

मग डुक्कर सुटले म्हणावे काय? नाही. इन्सुलिन टाकीत करता येते, मूत्रपिंड टाकीत करता येत नाही. घाटी रुग्णालयात डायलिसिससाठी खेपा घालणारे कुटुंब तुमच्या गावात असेल, तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब त्यांना विचारा. मूत्रपिंड देणारे थोडे, घेणारे फार. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टी पुन्हा डुकराकडे वळली. त्याचे हृदय आणि मूत्रपिंड आकाराने आपल्याजोगे असते, डुकरीण ११४ दिवसांत विते, आणि एका वेताला पिल्लेही पुष्कळ होतात.

अडथळा मोठा होता. डुकराच्या पेशींवर एक विशिष्ट साखर असते. ती आपल्या शरीरात नाही, आणि तिच्याविरुद्ध आपले रक्त आधीच सज्ज असते. परके हृदय त्यामुळे थोड्या वेळात निकामी होते. १९९७ साली आसामात गुवाहाटीजवळ डॉ. धनीराम बरुआ यांनी जनुकांत बदल न केलेल्या डुकराचे हृदय एका तरुणाला बसविले. तो सात दिवसांनी दगावला आणि डॉक्टरांना तुरुंगात जावे लागले. त्यांच्या धाडसाचे आज कौतुक होते, पण त्या तरुणाला विसरून ते करू नये, असे मला वाटते.

आता जनुके बदलतात ती अशी. डुकराच्या कातडीतील पेशी घेऊन तिच्यातील ती साखर करणारी कृती खोडतात आणि काही मानवी कृती लिहितात. नंतर डुकरिणीच्या स्त्रीबीजातील केंद्रक काढून त्या जागी बदललेल्या पेशीचे केंद्रक बसवितात. त्याचा गर्भ झाला की तो दुसऱ्या डुकरिणीच्या गर्भाशयात ठेवतात. देवणी वळूचे रेत गाईला भरणे तुम्हांस परिचित आहे. तिथे आपण चांगला बाप निवडतो, इथे नेमके अक्षर बदलतात. बरेच गर्भ टिकत नाहीत.

७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत मेरीलँड येथे असे दहा बदल केलेल्या डुकराचे हृदय ५७ वर्षांच्या गृहस्थास बसविले. हे काम करणाऱ्या दोन प्रमुखांपैकी डॉ. मोहिउद्दीन कराचीत शिकलेले. तो रोगी दोन महिने जगला. पुढे तपासणीत त्या हृदयात डुकराचा एक विषाणू आढळला.

कोणी विचारतात, डुकराचे काळीज घातले तर माणसाचा स्वभाव बदलेल काय? मुळीच नाही. हृदय हा रक्ताचा पंप आहे. माया आणि राग यांचे ठिकाण मेंदूत. विषाणूची शंका मात्र खरी आहे. म्हणून ही डुकरे बंद इमारतीत, गाळलेल्या हवेत वाढवितात. चिखलात लोळणे त्या जनावराच्या नशिबी नाही. हा व्यवहार त्याच्या बाजूने कोणी मांडत नाही, हे मला खटकते. पण डायलिसिसच्या खाटेवरच्या माणसापुढे उभे राहून 'हे करू नका' असे म्हणण्याचे धैर्यही मला होत नाही.

मार्च २०२४ मध्ये बॉस्टन येथे ६९ बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड एका जिवंत रोग्यास बसविले. तो सुमारे दोन महिन्यांनी वारला, परंतु मूत्रपिंड निकामी झाल्याचे दिसले नाही. नोव्हेंबर २०२४ मधील एका बाईंना असे मूत्रपिंड १३० दिवस चालले, मग ते काढावे लागले. २०२५ साली अमेरिकन सरकारने रीतसर चाचण्यांना परवानगी दिली असून, त्यांपैकी एका चाचणीची सुरुवात सहा रोग्यांपासून करावयाची असे ठरले.